आठवडाभर अख्ख्या देशाला दहा गिल्डरवर ठेवणारा अर्थमंत्री

तारीख २६ सप्टेंबर १९४५. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपून जेमतेम साडेचार महिने झाले होते. त्या दिवशी नेदरलँड्समधल्या घराघरांतल्या नोटांचा कागद झाला. कपाटातल्या, गादीखालच्या, दुकानाच्या गल्ल्यातल्या, सगळ्याच. पुढचा आठवडा काढायला सरकारने प्रत्येकाला नव्या चलनातली एकच रक्कम दिली. माणशी दहा गिल्डर.

शेतकरी असो की गोदीतला हमाल, डॉक्टर असो की कारखानदार, हिशोब सगळ्यांना सारखाच. ज्याच्या घरी नोटांची पोती होती, त्यालाही दहाच गिल्डर. आठवडाभर त्या देशात रोख पैशाच्या बाबतीत कुणी श्रीमंत नव्हतं आणि कुणी गरीब नव्हतं.

हे घडवून आणणाऱ्या माणसाचं नाव होतं पीटर लीफ्टिंक. त्यांना अर्थमंत्री होऊन तेव्हा पुरते शंभर दिवसही झाले नव्हते.

नोटबंदी म्हटलं की आपल्याला ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आणि एटीएमबाहेरच्या रांगा आठवतात. पण लीफ्टिंक यांनी केलेला प्रकार त्याहून कितीतरी मोठा होता. त्यांनी एक-दोन मोठ्या नोटा बंद केल्या नाहीत, सगळ्या नोटा बंद केल्या आणि वर बँकेतली खातीही गोठवली. तरीही डच लोक आज त्यांचं नाव घेतात ते बहुतेक वेळा आदरानेच. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी तो देश त्या वेळी कुठल्या अवस्थेत होता ते बघावं लागतं.

लीफ्टिंक यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०२ चा, ॲमस्टरडॅमजवळच्या मुइडरबर्ग या गावातला. शिक्षण उट्रेख्त विद्यापीठात, कायद्याचं. पण ओढा अर्थशास्त्राकडे. काही वर्षं सरकारी खात्यात काढल्यावर १९३४ मध्ये ते रॉटरडॅमच्या व्यापारी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हीच संस्था पुढे इरॅस्मस विद्यापीठाचा भाग झाली.

तो काळ जागतिक मंदीचा होता. शेजारच्या देशांनी आपापल्या चलनाची किंमत कमी केली, पण डच सरकार गिल्डर सोन्याला बांधून बसलं होतं. माल महाग, निर्यात ठप्प आणि बेकारांच्या रांगा रोज लांबत चाललेल्या. अखेर सप्टेंबर १९३६ मध्ये नाइलाजाने तो हट्ट सोडावा लागला. लीफ्टिंक यांच्या पिढीच्या अर्थतज्ज्ञांना यातून एक गोष्ट कळली. चलन आपोआप ताळ्यावर येत नाही, सरकारला हात घालावा लागतो.

राजकारणात ते तेव्हा ख्रिश्चन हिस्टॉरिकल युनियन या पक्षाचे. हा जुन्या वळणाच्या प्रोटेस्टंट मंडळींचा पक्ष. त्यातला हा प्राध्यापक पुढे जाऊन श्रीमंतांच्या संपत्तीवर घसघशीत कर लावेल, असं तेव्हा कुणाला वाटलं नसतं.

मग युद्ध आलं. १० मे १९४० ला जर्मनीने नेदरलँड्सवर हल्ला केला. १४ मे ला जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला आणि पाचव्या दिवशीच डच लष्कराने शस्त्रं खाली ठेवली. राणी विल्हेल्मिना आणि सरकार लंडनला गेलं.

आता डचांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात तिथल्या प्रशासनाने जर्मन नागरिकांना पकडून ठेवलं होतं. त्याचा वचपा म्हणून जर्मनांनी नेदरलँड्समधली नामवंत माणसं ओलीस धरायला सुरुवात केली. पुढे देशांतर्गत प्रतिकाराला आळा घालण्यासाठीही तेच हत्यार वापरलं. प्राध्यापक, पुढारी, धर्मगुरू, उद्योजक असे शेकडो लोक डांबले गेले. भावी पंतप्रधान विलेम ड्रेस यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत वर्षभर काढावं लागलं. पुढे सिंट मिखिल्सखेस्टेल या गावातली ओलिसांची छावणी तर प्रसिद्धच झाली. बाहेर काही घातपात झाला की आतल्यांपैकी कुणाला गोळी घातली जाईल याचा नेम नसायचा, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये पाच जणांना खरोखरच गोळ्या घातल्या गेल्या.

अशा ओलिसांमध्ये लीफ्टिंकही होते.

या बंदिवासाचा एक परिणाम असा झाला की एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी माणसं एकत्र राहिली. नेदरलँड्समध्ये तेव्हा कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी असे सगळ्यांचे वेगळे संसार होते. शाळा वेगळ्या, वर्तमानपत्रं वेगळी, पक्ष वेगळे. छावणीत या भिंती थोड्या खचल्या. युद्धानंतरचा देश कसा असावा यावर तासन् तास चर्चा झाल्या. युद्धानंतरचे पहिले पंतप्रधान विलेम स्खेरमरहोर्न हेही याच छावणीतले.

५ मे १९४५ ला नेदरलँड्स मुक्त झालं. जूनच्या शेवटी स्खेरमरहोर्न आणि ड्रेस यांचं मंत्रिमंडळ आलं आणि अर्थखातं लीफ्टिंक यांच्याकडे गेलं. वय ४२ वर्षं, मंत्रिपदाचा अनुभव शून्य.

त्यांच्या पुढ्यात काय वाढून ठेवलं होतं? १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशाच्या पश्चिम भागात दुष्काळ पडून सुमारे २० हजार माणसं उपासमारीने गेली होती. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले होते. रॉटरडॅमचं बंदर माघार घेणाऱ्या जर्मनांनी उद्ध्वस्त केलं होतं. वाल्खेरेन बेटाचे बांध मित्रराष्ट्रांनीच युद्धाच्या गरजेपोटी बॉम्ब टाकून फोडले होते आणि तिथल्या शेतात समुद्राचं पाणी होतं. रेल्वे, पूल, घरं सगळ्याचीच दैना.

पण या उजाड देशात एका गोष्टीचा मात्र महापूर होता. पैशाचा.

त्याचं असं झालं होतं. १९४१ मध्ये जर्मनांनी दोन्ही देशांच्या चलनांमधली बंधनं काढून टाकली. डच मध्यवर्ती बँकेने जर्मन मार्क कितीही आले तरी घ्यायचे आणि त्या बदल्यात गिल्डर द्यायचे, असा हुकूम निघाला. याच्या निषेधार्थ बँकेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी रोस्ट फान टोनिंगन हा नाझींचा डच साथीदार बसला. मग जर्मन खरेदीदार यायचे, यंत्रं, कापड, गाईगुरं, धान्य विकत घ्यायचे, गिल्डरमध्ये पैसे मोजायचे आणि माल घेऊन जायचे. कागदोपत्री ती खरेदी होती, प्रत्यक्षात लूट. युद्ध संपलं तेव्हा बँकेच्या तिजोरीत चार अब्ज गिल्डरहून अधिक किमतीचं जर्मनीकडचं येणं पडून होतं, आणि ते देणारं सरकारच उरलं नव्हतं.

या बदल्यात देशात नोटा मात्र छापल्या गेल्या होत्या. युद्धाआधी चलनात साधारण एक अब्ज गिल्डरच्या नोटा होत्या, त्या पाच अब्जांच्या वर गेल्या. नोटा पाचपट, आणि दुकानातला माल युद्धाआधीपेक्षा कितीतरी कमी. सरकारने भाव बांधून दिले होते, रेशनकार्डावर माल मिळायचा, म्हणून वरवर सगळं शांत दिसत होतं. पण खरा बाजार काळा होता. तिथे पावाच्या एका लादीसाठी लोक दागिने उतरवून देत होते. शहरातल्या बायका सायकलला टायर नसताना मैलोन् मैल जाऊन शेतकऱ्याला चादरी देऊन बटाटे आणत होत्या.

याची दुसरी बाजू म्हणजे कुणीतरी या सगळ्यात गब्बर होत होतं. जर्मनांना माल पुरवणारे, साठेबाज, काळाबाजारवाले यांच्याकडे नोटांच्या थप्प्या लागल्या होत्या. ज्याने युद्धात घरदार गमावलं आणि ज्याने युद्धात कमावलं, ते दोघे आता शांततेच्या काळात एकाच दुकानासमोर उभे राहणार होते. भाव मोकळे सोडले असते तर दुकानातला सगळा माल दुसऱ्याने उचलला असता.

हे असंच चालू राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण लवकरच हंगेरीत दिसणार होतं. तिथे १९४६ मध्ये महागाईचा असा भडका उडाला की जुलैपर्यंत किमती तासागणिक बदलत होत्या. तो आजही जगातला सर्वांत भीषण चलनफुगवटा मानला जातो. लीफ्टिंक यांच्यासमोर बेल्जियमचंही उदाहरण होतं. तिथले अर्थमंत्री कामिल गुट यांनी ऑक्टोबर १९४४ मध्ये नोटा बदलून माणशी दोन हजार फ्रँक दिले होते आणि बाकीचा पैसा अडकवून ठेवला होता.

लीफ्टिंक यांनी आपला डाव टप्प्याटप्प्याने मांडला.

पहिला टप्पा जुलै १९४५. शंभर गिल्डरची नोट रद्द. पाचशे आणि हजारच्या नोटा जर्मनांनी १९४३ मध्येच बाद केल्या होत्या, त्यामुळे शंभरची नोट हीच सगळ्यांत मोठी उरली होती आणि काळ्या पैशाचा मुक्काम तिच्यातच होता. ज्यांच्याकडे या नोटा होत्या त्यांनी त्या नावानिशी बँकेत भरायच्या होत्या. पैसे खात्यावर जमा झाले, पण काढता येईनात.

दुसरा टप्पा म्हणजे २६ सप्टेंबर. उरलेल्या सगळ्या नोटा रद्द. जुन्या नोटा बँकेत भरायच्या, त्या गोठवलेल्या खात्यात जाणार. आधीपासून बँकेत असलेली रक्कमही गोठवलेली. हातात फक्त माणशी दहा गिल्डर. सुटी नाणी तेवढी चालू राहिली.

आता तुम्ही म्हणाल, दहा गिल्डरमध्ये माणूस आठवडा कसा काढणार? इथे रेशनची व्यवस्था कामाला आली. खाण्यापिण्याचा जवळपास सगळा माल ठरलेल्या भावात, ठरलेल्या मापात कूपनवर मिळत होता. भाव सरकारने धरून ठेवले होते. त्यामुळे दहा गिल्डरमध्ये चैन शक्य नव्हती, पण चूल पेटत होती. आठवडा संपला की पगार आणि मजुरी नव्या नोटांत मिळू लागणार होती. म्हणजे जो काम करून कमावतो त्याचा खोळंबा एका आठवड्याचा, आणि ज्याचा सगळा जीव साठवलेल्या थप्पीत अडकला आहे त्याचा खोळंबा अनिश्चित काळाचा. या योजनेतली मेख हीच होती.

एवढी मोठी उलथापालथ होऊनही दंगेधोपे झाले नाहीत. लोक रांगेत उभे राहिले, नव्या नोटा घेतल्या, जुन्या भरल्या. दहा गिल्डरच्या त्या रकमेला लोकांनी मंत्र्यांचंच नाव दिलं. लीफ्टिंकचे दहा गिल्डर हा शब्दप्रयोग डच भाषेत कायमचा रुजला. वर्षाच्या शेवटी चलनातल्या नोटा पाच अब्जांवरून दीड अब्जाच्याही खाली आल्या होत्या.

पण नोटा बदलणं हा लीफ्टिंक यांच्या दृष्टीने फक्त पहिला अंक होता. त्यांना खरी गरज होती ती यादीची. कुणाकडे किती पैसा आहे हे आता नावानिशी नोंदलं गेलं होतं. शेअर आणि रोख्यांचीही नोंद करून घेतली गेली. युद्धात कोण किती फुगला याचा नकाशाच करखात्याच्या हाती आला.

त्या नकाशावर तिसरा टप्पा उभा राहिला. १९४६ मध्ये युद्धकाळात वाढलेल्या संपत्तीवर कर आला. मे १९४० मध्ये किती होतं आणि १९४५ च्या शेवटी किती आहे याचा फरक काढायचा आणि त्या वाढीतला मोठा हिस्सा सरकारने घ्यायचा. पैसा कसा कमावला त्यावर दर ठरला. सरळ मार्गाने वाढ झाली असेल तरी निम्म्याच्या आसपास कर, आणि काळ्या धंद्यातली कमाई असेल तर ९० टक्क्यांपर्यंत. १९४७ मध्ये त्यावर एकरकमी संपत्ती कर आला, ४ ते २० टक्क्यांपर्यंत. हा कर युद्धात कमावलं नसेल त्यांनाही द्यावा लागला, कारण देश उभारायचा खर्च ज्यांच्याकडे काही शिल्लक आहे त्यांनीच उचलायचा, असा त्यामागचा हिशोब होता.

हे कर भरायला गोठवलेल्या खात्यातला पैसा चालत होता. म्हणजे अडकलेला पैसा बाजारात येऊन भाव वाढवण्याऐवजी सरकारकडे जात होता आणि तिथे जुनी कर्जं फेडण्यात जिरत होता. उरलेली खाती मग हळूहळू, काही वर्षं घेत मोकळी केली गेली. पैसा सुटत गेला तसा बाजारात मालही येत गेला, म्हणून भडका उडाला नाही.

अर्थात काळा पैसा सगळा सापडला असं नाही. ज्यांना वारं कळलं त्यांनी आधीच दागिने, चित्रं, जमिनी घेऊन ठेवल्या. मालमत्तेत गुंतवलेल्याला झळ कमी लागली आणि प्रामाणिकपणे बँकेत बचत ठेवणाऱ्याचे पैसे मात्र अडकले, ही तक्रार खरी होती. छोटे दुकानदार आणि मध्यमवर्ग यांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली. पण हंगेरीसारखी वेळ आली नाही. जर्मनीच्या पश्चिम भागात जून १९४८ मध्ये नवं चलन आलं, तेव्हा तिथेही सुरुवात माणशी चाळीस मार्कांनीच झाली.

दरम्यान लीफ्टिंक यांनी पक्ष बदलला. फेब्रुवारी १९४६ मध्ये समाजवादी आणि पुरोगामी ख्रिश्चन गटांनी मिळून मजूर पक्ष काढला आणि ते त्यात गेले. स्खेरमरहोर्न गेले, बेल आले, मग ड्रेस आले. पंतप्रधान तीन झाले, अर्थमंत्री एकच राहिला. सलग सात वर्षं.

या सात वर्षांत १९४८ मध्ये मध्यवर्ती बँक सरकारच्या मालकीची झाली. कायद्यात सरकारला बँकेला आदेश देण्याचा अधिकार ठेवला होता, पण तो अधिकार पुढे कधीच वापरला गेला नाही. नोटा छापून सरकार चालवलं की काय होतं हे त्या देशाने नुकतंच भोगलं होतं.

अमेरिकेच्या मार्शल योजनेतून नेदरलँड्सला एक अब्ज डॉलरहून थोडी जास्त मदत मिळाली. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत उतरवली, तेव्हा गिल्डरही सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. आधी एका डॉलरला २.६५ गिल्डर पडायचे, आता ३.८० पडू लागले. निर्यातीला चालना मिळाली, पण बाहेरून येणारा माल महागला. मजुरी सरकार, मालक आणि कामगार संघटना मिळून ठरवत आणि ती मुद्दाम कमी ठेवली जाई. कामगार पक्षाचा अर्थमंत्री कामगारांनाच पोटाला चिमटा घ्यायला सांगत होता. त्याच काळात ड्रेस यांनी १९४७ मध्ये गरीब वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केलं आणि त्याचा खर्च याच तंग तिजोरीतून निघाला. कॉफी ही रेशनमधून सुटलेली शेवटची वस्तू, ती मोकळी व्हायला जानेवारी १९५२ उजाडलं.

इथपर्यंतची गोष्ट कौतुकाची आहे. पण लीफ्टिंक यांच्या कारकिर्दीला एक काळी किनारही आहे. ती इंडोनेशियाची.

१७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. नेदरलँड्सला ते मान्य नव्हतं. रबर, चहा, साखर, तेल देणारी ही वसाहत गेली तर आपण भिकेला लागू, अशी डच समाजात सर्वसाधारण समजूत होती. स्वतः नुकताच जर्मनांच्या टाचेखालून सुटलेला देश लाखभर सैनिक दुसऱ्याच्या भूमीवर पाठवत होता. त्या सैन्याचा खर्च आणि आटत चाललेली परकीय गंगाजळी याचे आकडे अर्थमंत्री मंत्रिमंडळापुढे ठेवत होते. त्या आकड्यांमधून निघणारा अर्थ सरळ होता. असंच थांबून राहणं परवडणारं नाही. त्यातून माघारीचा निष्कर्ष काढता आला असता. मंत्रिमंडळाने चढाईचा काढला.

जुलै १९४७ मध्ये जावा आणि सुमात्रामध्ये जी लष्करी मोहीम सुरू झाली, तिचं नावच मुळी उत्पादन या अर्थाचं होतं. मळे आणि तेलविहिरी ताब्यात घेणं हा तिचा उद्देश. डिसेंबर १९४८ मध्ये दुसरी मोहीम झाली. जगभरातून टीका झाली, संयुक्त राष्ट्रांत प्रश्न गेला, अमेरिकेने मदतीवरून डोळे वटारले. अखेर २७ डिसेंबर १९४९ ला सत्ता सोडावी लागली. जाताना नव्या इंडोनेशियाच्या डोक्यावर सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचं कर्ज टाकण्यात आलं. त्यात इंडोनेशियन लोकांविरुद्ध लढलेल्या युद्धाचा खर्चही होता. घरच्या हिशोबात युद्धातून कमावणाऱ्याला पै पै चुकवायला लावणाऱ्या सरकारचा बाहेरचा हिशोब हा असा होता.

आणि गंमत म्हणजे वसाहत गेल्यावर देश भिकेला लागला नाही. पुढची वीस वर्षं डच अर्थव्यवस्थेच्या भरभराटीची ठरली.

१९५२ मध्ये लीफ्टिंक यांनी मंत्रिपद सोडलं. पन्नाशीला पोचलेल्या या माणसाला पक्षात वर जायला वाव होता, पण त्यांनी जागतिक बँकेचं काम घेतलं आणि बँकेचे प्रतिनिधी म्हणून तुर्कस्तान गाठलं. तिथे मेंदेरेस यांचं सरकार धडाक्याने खर्च करत होतं. लीफ्टिंक यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे उसनवारीवर चाललेल्या या विकासाबद्दल तोंडावर सुनावलं. सरकारला तो आपल्या कारभारातला हस्तक्षेप वाटला आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून निघावं लागलं. पुढे १९५८ मध्ये तुर्कस्तानवर परकीय कर्जाचं संकट कोसळलंच.

१९५५ पासून ते वॉशिंग्टनमध्ये होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संचालक मंडळावर ते १९७६ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं राहिले. त्यातली बरीच वर्षं जागतिक बँकेच्या मंडळावरही होते. नेदरलँड्सबरोबरच युगोस्लाव्हिया आणि इस्रायल अशा देशांची बाजूही तिथे तेच मांडत.

याच काळात त्यांचा संबंध आपल्या उपखंडाशी आला. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सिंधू पाणीवाटप करारावर सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज या नद्यांचं पाणी भारताकडे आलं, तर सिंधू, झेलम आणि चिनाब पाकिस्तानकडे गेल्या. पूर्वेकडच्या नद्यांवर अवलंबून असलेल्या पाकिस्तानातल्या शेतीला पश्चिमेकडून पाणी न्यायचं तर मोठी धरणं हवी होती. सिंधूवर तरबेला इथे धरण बांधणं परवडेल का, आणि बांधलं तर त्या पाण्याचा नीट वापर कसा होईल, हे तपासायचं काम जागतिक बँकेने लीफ्टिंक यांच्या नेतृत्वाखालच्या पथकावर सोपवलं.

या पथकाने फक्त धरणाची भिंत पाहिली नाही. कालवे, विहिरी, जमिनीत वर येणारं खारं पाणी, पिकं, वीज असा सगळा संसार एकत्र मांडला. आधी तरबेलाचा अहवाल आला आणि मग तीन खंडांचा मोठा अभ्यास. एखाद्या नदीखोऱ्याचं पाणी आणि वीज यांचं एकत्रित नियोजन कसं करावं, याचा तो त्या काळातला वजनदार नमुना ठरला. तरबेला धरण १९७० च्या दशकात उभं राहिलं आणि आजही जगातल्या सर्वांत मोठ्या मातीच्या धरणांमध्ये त्याची गणना होते.

निवृत्तीनंतर लीफ्टिंक यांचं निधन झालं जुलै १९८९ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी. नेदरलँड्समध्ये त्यांच्यानंतर अनेक अर्थमंत्री होऊन गेले. २००२ मध्ये तर गिल्डरच गेला आणि युरो आला. पण त्यांच्या नावाचे दहा गिल्डर मात्र डच लोक अजून विसरलेले नाहीत.

नोटा रद्द करणं हे तसं कुठल्याही सरकारला एका हुकमात जमतं. लीफ्टिंक यांचं वेगळेपण पुढच्या सहा-सात वर्षांत होतं. भाव बांधलेले होते, रेशन चालू होतं, कर कुणावर आणि किती हे ठरलेलं होतं, अडकवलेला पैसा कशासाठी वापरता येईल आणि कधी सुटेल याला नियम होते. आणि ज्यांनी युद्धात कमावलं त्यांच्याकडून वसुली होते आहे, हे युद्धात गमावलेल्यांना दिसत होतं. उपाशी हिवाळा काढून आलेल्या माणसांनी आपली शेवटची नोटसुद्धा सरकारच्या हवाली करून दहा गिल्डरवर आठवडा काढला, तो या भरवशावर.